बाबांच्या खिशातले चौकोन

मी एक बटणांचा फोन बोलतोय. हसू नका. हल्ली माझ्याकडे बघून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "असे अजून मिळतात?" मिळतात की! आणि जिन्यावरून गडगडत खाली आलो तरी फुटत नाही, एवढं तरी मानाल की नाही?

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझी बटणं एकेक करून दाबून पाहिली, मला कानाला लावलं आणि "चालतोय" म्हणून शेजारच्या खोक्यात ठेवलं. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. माझ्या पोटात घड्याळ होतं, उजेड पाडायची बॅटरी होती, एक छोटासा खेळ होता आणि इंग्रजी अक्षरं होती. मराठी अक्षरं मात्र कुणी भरली नव्हती. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढे जो घोळ झाला तो सगळा त्यामुळेच.

मला विकत घेतलं ते बाबांनी. खरं तर ते माझे मालक, पण घरातली मुलगी त्यांना बाबा म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणायला लागलो. बाबांची सारी नोकरी खिळ्यांच्या कारखान्यात गेली. तिथल्या खडखडाटानं कान गेले ते गेलेच. कानाशी ओरडलं तर ऐकू यायचं, फोनवर मात्र अक्षरही कळायचं नाही. बायको वारली होती. निवृत्तीनंतर खिडकीशी बसून ते खुर्च्यांच्या बैठका विणून द्यायचे.

"काका, हा मोठ्या पडद्याचा घ्या," दुकानदार त्यांच्या कानाशी ओरडला होता.

"माझी बोटं जाड आहेत," बाबा म्हणाले. "मला दाबलेलं कळलं पाहिजे."

अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. मी तर खूश झालो. बोटाला कळणं ही माझी खासियत!

आता मुलीचं सांगतो. तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणायचे, आणि नोकरीही तिला नावाला शोभेल अशीच मिळाली. ट्रक तोलायचे ते मोठे वजनकाटे असतात ना, जमिनीत बसवलेले, ते ती तपासायची. आज या गावची खाण, उद्या त्या गावचा सिमेंटचा कारखाना. सोबत गाडीभर लोखंडी वजनं. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी सगळी भ्रमंती.

सुरुवातीला तिच्याकडेही माझ्यासारखाच फोन होता. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून, डोळे बारीक करून, एकेक अक्षर लावत बसायचे. 'पोचले' एवढं वाचायला चहा गार व्हायचा. पण वाचायचे.

मग तिचा फोन काट्याखालच्या खड्ड्यात पडला आणि तिनं मोठ्या पडद्याचा घेतला. घरी आली तेव्हा तिला किती सांगू नि किती नको असं झालं होतं. बाबांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आता तुम्हाला मराठी अक्षरांत लिहिणार! ती इंग्रजी लावताना डोळे दुखतात ना तुमचे?"

बाबा खूश झाले. मीही झालो. दुसऱ्या दिवशी ती निघाली आणि संध्याकाळी तिचा पहिला मराठी निरोप आला. मी उघडला. पडद्यावर चौकोन. रिकामे, एकासारखे एक, ओळीनं लावलेले.

बाबांनी मला हलवलं, पुसलं, बंद करून पुन्हा चालू केलं. चौकोनच. मी काय करणार? जी अक्षरं माझ्याकडे नाहीत ती दाखवू कुठून? मी आपला प्रत्येक अक्षराला एक चौकोन देत गेलो, निदान मोजमाप तरी चुकायला नको.

बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग स्वतःशीच, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "एवढ्या हौसेनं लिहितेय पोरगी. कशाला तिला खट्टू करा?" आणि जाड अंगठ्यानं त्यांनी उत्तर दाबलं: ओके.

तेव्हापासून हा रिवाज पडला. ती चौकोन पाठवायची, बाबा ओके पाठवायचे. मला वाटलं होतं, माणूस कंटाळेल. पण बाबा चौकोन वाचायला शिकले! थोडे चौकोन आले की म्हणायचे, "पोचली, पण कामात आहे." चार-पाच ओळी आल्या की, "आज फुरसत दिसतेय." एकदा पडदा भरून वाहील इतके चौकोन आले, तेव्हा तर स्वारी इतकी खुशीत की दाराशी जाऊन वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना सांगून आली, "आमची भिंगरी मजेत आहे!" ती घरी असली की मात्र मला खिशातून बाहेर काढायचे नाहीत. चोरून खाऊ खाणाऱ्या मुलासारखा खिशावर हात.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं, आणि सांगायला हरकत नाही, बरं चाललं होतं.

मग एका दुपारी पुन्हा बऱ्याच ओळी आल्या. बाबांच्या मांडीवर अर्धी विणलेली खुर्ची होती. "आज फुरसत आहे वाटतं," ते म्हणाले, ओके दाबलं आणि पुन्हा विणायला लागले.

दोन दिवसांनी भिंगरी दारात उभी. नेहमीची पाठीवरची पिशवी होतीच, पण हातात मोठी बॅगही होती. तोंड हसरं होतं. डोळे हसत नव्हते. मी खिशाच्या कडेवरून पाहिलं म्हणून सांगतो.

"अगं, तू आत्ता कशी?" बाबा ओरडले.

"आता कायमचीच!" ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "सोमवारी सही करते."

"कशावर?"

"ऑफिसातल्या जागेवर! तुम्हीच ओके म्हणालात ना?"

बाबांचा चेहरा पडला. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथंच थांबला. भिंगरी काही कमी हुशार नाही. तिनं तो हात बाजूला केला, मला काढलं आणि उघडलं. मग एक निरोप, त्यामागचा, त्याच्याही मागचा. सगळीकडे चौकोन. माझी तर पाचावर धारण बसली. आता भिंतीवर आपटते की काय!

त्यांना शेजारी ओढून ती मटकन खाटेवर बसली आणि कानाशी ओरडली, "बाबा, दोन वर्षं तुम्ही वाचत काय होतात?"

"आलं म्हणजे तू पोचलीस," बाबा म्हणाले. "लांब आलं म्हणजे मजेत आहेस. आणखी काय पाहिजे म्हाताऱ्याला?"

भिंगरीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. बाबांनी पाणी दिलं. मग तिनं आपला मोठा फोन त्यांच्या हातात ठेवला. तो दुपारचा निरोप त्यावर टपोऱ्या अक्षरांत होता. बाबांनी मोठ्यानं वाचला:

"बाबा, साहेब म्हणतात ऑफिसात जागा आहे. फिरणं बंद, रोज संध्याकाळी घरी. मला रस्ता आवडतो, तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हाला एकट्याला करमत नसेल तर मी ही जागा घेते. खरं सांगा. तुमच्यावर सोडलं."

बाबांनी तोच निरोप पुन्हा वाचला, या वेळी ओठांतल्या ओठांत. आता नुसतं ओके दाबून भागणार नव्हतं. पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्यांच्या एका उत्तरावर थांबलं होतं, आणि ते त्यांनी एकदा न वाचताच देऊन टाकलं होतं.

"करमत नाही," ते म्हणाले. "हे खरं."

भिंगरीनं मान हलवली. "मग झालं तर."

"थांब, माझं संपलं नाही. तुला टेबलाशी बसून करमेल?"

तिनं उत्तर दिलं नाही. ते ऐकायला कान लागत नाहीत.

"मग दोघं घरात बसून न करमण्यापेक्षा," बाबा म्हणाले, "माझं मला एकट्याला न करमू दे. सोमवारी सही करायची नाही. साहेबाला सांग, बापानं उत्तर बदललं."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि काहीतरी म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही, मला गेलं. पण ते माझ्यापाशीच राहू दे.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. बाबांनी तिचा फोन घेतला आणि दोन वर्षांचे निरोप पहिल्यापासून वाचून काढले, मोठ्यानं, प्रत्येकाला जागच्या जागी उत्तर देत. "आज साहेबांनी मला एकटीला काट्यावर सोडलं." त्यावर बाबा, "शाब्बास!" "इथल्या खानावळीत पोळ्या कडक." "मग भात घ्यायचास!" आणि तो पडदाभर निरोप आला. तो तापात लिहिलेला होता. लॉजच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती, करायला काही नव्हतं, म्हणून लिहीत सुटली होती. बाबांनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी हात तिच्या कपाळावर ठेवला. ताप जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी ठेवला.

जाण्याआधी तिनं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. माझं कार्ड काढून त्यात घातलं. जाड बोटांचं तुणतुणं बाबांनी पुन्हा वाजवून पाहिलं, पण तिनं अक्षरं एवढाली मोठी करून दिली आणि त्यांचा नाइलाज झाला.

मी आता फळीवर असतो. माझ्या बॅटरीचा उजेड अजून झकास पडतो, त्यामुळे खाटेखाली सुई पडली की मलाच बोलावणं येतं. नव्याचा जीव संध्याकाळीच जातो, पण मी त्याला नावं ठेवत नाही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमचं कुणी घरी बसून नुसतं ओके लिहीत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी बसा आणि तुमचा निरोप त्याच्या पडद्यावर कसा दिसतो ते बघा.

भिंगरी पुन्हा रस्त्याला लागली, त्या पहिल्या दिवसाचं सांगून संपवतो. संध्याकाळी तिचा निरोप आला. बाबा खिडकीशी बसले आणि एकेक अक्षर शोधत, मोठमोठ्यानं म्हणत, उत्तर लिहायला लागले. सगळ्या गल्लीनं ऐकलं, मीही ऐकलं:

"भिंगरे, आज करमलं नाही. खुर्ची विणायला घेतली आणि ठेवून दिली. उद्या विणीन. तू तिथं कशी आहेस ते सगळं लिही, वाईट असलं तरी लिही. मी आता वाचतो."