टाचेमागची चार बोटं

"कुनाचा विश्वास बसायचा नाय," नातीच्या पोटरीवरचा शेवटचा चाप दाबत कोंडाजी म्हणाला, "पन ह्याच्या दुप्पट वजनाचे बूट घालून मी गुलमर्गच्या बर्फात लेझीम खेळलोय. इचार कुनाला बी."

"कुनाला विचारू?" श्रद्धानं विचारलं.

"बर्फाला इचार. त्यो काय खोटं बोलनार हाय?"

चाप कटकन बसला. श्रद्धा ओटीवर उभी राहिली. गुडघ्याखालपर्यंत चढलेले ते लाल प्लास्टिकचे स्कीचे बूट लोधिवलीच्या त्या शहाबादी फरशीवर असे दिसत होते, जणू पोरीनं दोन पायांत दोन बादल्या घातल्यात. आत तिची आजी सोनुबाई कढईत तांदूळ भाजत होती. भात करायला नव्हे. गरम तांदूळ मोज्यात भरून आतल्या मऊ बुटात कोंबायचे, अस्तर नरमलं की पाय घालून उभं राहायचं, म्हणजे ते पायाचा आकार धरतं, असं हे बूट विकणाऱ्या विनितानं सांगितलं होतं. दुकानात यंत्रानं करून घ्यायचं तर बुटाच्या किमतीएवढेच पैसे पडतात.

कोंडाजीच्या गोष्टी अख्ख्या गावाला पाठ होत्या. गुलमर्गला म्हशीची धार बादलीत पडेपर्यंत गोठून काड्या व्हायच्या आणि गवळी त्यांच्या जुड्या बांधून बाजारात विकायचे, ही त्यातली त्यात सौम्य. असल्या लोणकढ्या थापांवर पारावर हशा पिकायचा. पण म्हातारा गुलमर्गला जाऊन आलेला आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरुणपणी तो माथेरानच्या हॉटेलात होता. घोड्यावरून फिरून आलेल्या पाहुण्यांचे उंच बूट ओढून काढायचे, पुसायचे, पॉलिश करून दारात ठेवायचे, हे त्याचं काम. तिथल्याच एका पारशी शेठनं एका हिवाळ्यात आपल्याला बरोबर काश्मीरला नेलं होतं, असं तो सांगायचा. आणि बुटातलं त्याला खरंच कळायचं. माणूस चार पावलं चालला, की कोंडाजी त्याला कुठल्या बोटाला बूट चावतोय ते सांगायचा.

श्रद्धाला बर्फाचं वेड लागलं ते याच गोष्टींपायी. गेल्या वर्षी ती स्कीइंगच्या कोर्सला जाऊन आली होती. भाड्याच्या बुटांनी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी केली आणि पाचव्या दिवशी तिला परत पाठवलं. कोर्स घेणारी संस्था आणखी एकदाच संधी देते. सोमवारी निघायचं होतं. चांगल्या शेऱ्यानं पास झाली, तर पुढच्या हंगामात मदतनीस म्हणून पगारावर ठेवणार होते. नाही झाली, तर तिच्या बापानं, संतोषनं, कर्जतजवळच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर तिची नोकरी ठरवूनच ठेवली होती. लग्नाचंही तो त्याच दमात बोलायचा.

म्हणून या खेपेला स्वतःचे बूट. खोपोलीची विनिता तिच्या आधी दोन वर्षं कोर्स करून आलेली. तिच्याकडे दोन जोड होते, तिचा चोवीस नंबरचा आणि भावाचा सव्वीसचा. कुठलाही घे, साडेतीन हजार. या बुटांचा नंबर म्हणजे पायाचे सेंटिमीटर; श्रद्धाचा पाय भिंतीला टाच लावून मोजला तर चोवीस भरला. तिनं तिथूनच आजाला फोन लावला.

"सव्वीस घे," कोंडाजीनं बेधडक सांगितलं. "वर तीन लोकरीचे मोजे. गुलमर्गला आमी समदे असंच करायचो."

या घरात पायातलं काहीही नेहमी मोठंच आणलं जाई. शाळेचे बूट पहिल्या वर्षी पुढे चिंधी कोंबून, दुसऱ्या वर्षी नीट आणि तिसऱ्या वर्षी अंगठा वाकवून घालायचे. श्रद्धानं सव्वीस घेतले.

आता ती ओटीवर गुडघे वाकवून पुढे झुकली. टाच आतल्या आत उचलली गेली आणि बोटं जाऊन पुढे आपटली.

"सरकतोय, आजा."

"सरकंल कसा? थांब."

कोंडाजी खाली बसला. सकाळपासून त्यानं काय काय केलं नव्हतं. माथेरानच्या ओळखीच्या घोडेवाल्याकडून खोगिराखालचा जुना नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, मागवून घेतला होता. त्याचे सुखतळे कापले, टाचेभोवती पट्ट्या चिकटवल्या, घोट्याच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे चंद्रकोरी तुकडे बसवले. कात्री कुठे वाकडी गेली नव्हती. आताही त्यानं चाप सोडले, आतला मऊ बूट बाहेर काढला, बोटांनी चाचपला.

"आजा, विनिता म्हणाली, अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालून बघ," श्रद्धा म्हणाली. "बोटं पुढं टेकवायची. टाचेमागं दोन बोटं मावली तर बूट आपला."

तिनं पाय घातला, बोटं पुढे टेकवली. कोंडाजीनं टाचेमागे बोटं सारली. दोन गेली. तिसरं गेलं. चौथं गेलं, तरी जागा उरली. त्यानं हात हळूच बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"दोन मावतात," तो म्हणाला.

श्रद्धानं वाकून स्वतःचा हात घातला. तिचीही चारही बोटं आत गेली.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो फरशीवर ठेवून स्पीकरवर लावला.

"ऐक गं," विनिताचा आवाज आला. "माझा चोवीसचा जोड बघायला एक मुलगी पाच वाजता येतेय. तुला बदलून हवा असेल तर त्याआधी सांग. एकदा दिला की दिला."

"पण गेल्या वर्षी नखं काळी पडली माझी. आणखी घट्ट घेऊ? यात तीन मोजे तरी मावतात."

"वेडे, नखं घट्ट बुटानं नाही काळी झाली. तुझा बूट सैल होता. उतारावर पाय पुढं जाऊन आपटतो. एकच पातळ मोजा आणि घट्ट बूट. तीन मोजे घालायला कुणी सांगितलं तुला?"

श्रद्धानं आजाकडे पाहिलं. कोंडाजीनं चंची सोडली.

"सांगते तुला," म्हणून तिनं फोन ठेवला.

"काल जन्मली ती पोर," कोंडाजी म्हणाला. "चार दिवस बरफ बघितला नि मास्तरीन झाली. मी आख्खा हिवाळा काढलाय तिथं."

"आजा, खरंच सगळे सैल घालायचे?"

"समदे. शेठ बी, शेठानी बी."

"मग त्यांच्या टाचा उचलत नव्हत्या?"

"थंडीनं पाय फुगतो गं! बूट आपोआप भरतो."

"थंडीनं आखडतो ना?"

"मैदानातला आखडतो. डोंगरातला फुगतो." एवढं बोलून त्यानं तंबाखू मळायला घेतली, बराच वेळ मळली. आतून भाजल्या तांदळाचा वास ओटीवर आला होता. श्रद्धा एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशी बसून राहिली होती. तिच्या अंगठ्याचं नवं नख अजून अर्धंच आलं होतं.

"तुमी म्हनाल ते करते," ती शेवटी म्हणाली. "पन माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगा. तिथं असेच घालतात ना?"

कोंडाजीचा अंगठा तळहातावर थांबला. मग तो मोठ्यानं हसला.

"शपथ कसली घालतेस? आगं, माघात तिथं एवढा बरफ पडला का दार उघडंना. छपरातून बाहेर यायचो. पंधरा दिवस रस्ता बंद. हे बी खोटं वाटतं तुला? रस्ता उघडा असता, तर मी जनाच्या मातीला आलो नसतो का?"

जना त्यांची पहिली मुलगी, संतोषच्या आधीची. दोन वर्षांची होऊन तापानं गेलेली. गोष्ट इथवर आली, की सोनुबाई दरवेळी काहीतरी काम काढून परसात जायची. आज ती गेली नाही. फडक्यात कढई धरून ती उंबऱ्यात उभी होती. तांदूळ लालसर झाले होते.

"तीन मोजे आन आतून," कोंडाजी नातीला म्हणाला. "नि त्या पोरीला सांग, बदलायचा नाय म्हनून."

श्रद्धानं फोन उचलला.

"थांब गं," सोनुबाई म्हणाली.

तिनं कढई खाली ठेवली. नवऱ्याकडे न बघता, पोरीच्या पायातल्या त्या लाल बुटाकडे बघत ती बोलली. आवाज चढला नाही.

"त्या माघात हे माथेरानाला होते. जना गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी चौक गावाच्या पायवाटंनं वर गेले होते, सांगायला. हे हॉटेलाच्या पायरीवर कुना पाव्हन्याचा बूट ओढत बसले होते, नि त्याला गुलमर्गची गोष्ट सांगत होते. समदे हसत होते. मी तशीच खाली आले."

कोंडाजीच्या हातातली तंबाखू फरशीवर सांडली.

"ह्यांनी बरफ कदी बघितलाच नाय, पोरी. लाव त्या विनिताला फोन. पाच वाजत आले."