गाडी मुकी करताना

भामाबायला ऐकू येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त तिच्या कानांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या गल्लीतली कोळीण बोंबील ओरडतेय की मांदेली, ते ती चुलीपुढे बसून ओळखायची. पण मुलगा, मितेश, सुनेला मारायला लागला की भामाबाय ठार बहिरी व्हायची. सून म्हणजे रंजिता, उरणजवळच्या मोऱ्याची. आतल्या खोलीतून ती "आई, दार उघडा" म्हणून हाका मारायची आणि भामाबाय बाहेर तांदूळ निवडत बसायची. नऊ वर्षं हे चाललं होतं. भामाबायनं स्वतः नवऱ्याचा, बाळूचा, मार बावीस वर्षं खाल्ला तेव्हा तिची सासूही अशीच बहिरी होती. घरची रीत म्हणायची आणि गप्प बसायचं. असल्या रीतीला पायातलं काढून हाणावं, तीच तिची लायकी.

पनवेलहून पळस्प्याकडे जाताना जे जुनं गावठाण उरलंय, तिथली घरं भिंतीला भिंत लावून आहेत. शेजारच्या गंगाबाईनं फोडणीत मोहरी टाकली तर इकडे तडतड ऐकू येते. माघात गंगाबाईच्या नातीला, कोमलला, बघायला पाहुणे आले, आणि नेमक्या त्याच दुपारी मितेशनं रंजिताला गाडीच्या फॅनबेल्टनं फोडून काढलं. कारण काय, तर त्याचा फोन तिनं पहिल्या रिंगला उचलला नाही. तिचे दोन दात पडले. तिचं "पोटात नको, पोटात नको" पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा हातात धरून ऐकलं, आणि बशा तशाच ठेवून ते उठले. सोयरीक मोडली म्हणून गावकी बसली. रंजिताचे दात पडले म्हणून बसली नव्हती, हे नीट ध्यानात घ्यावं.

गावकीचा अध्यक्ष काशीराम. त्यानं देवळात सगळ्यांसमोर भामाबायला विचारलं, काय ऐकलंस? तिनं पदर पुढे ओढला आणि नेहमीचंच सांगितलं, दादा, मला काय आयकू येत नाय. मग काशीरामनं निवाडा केला.

"मितेश, यापुडं तुज्या घरातला आवाज रस्त्यावर आला नाय पायजे. आला तर तुज्या दारात गाव पाय ठेवणार नाय."

मितेशनं गावदेवीच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. एक मात्र खरं, माणूस शब्दाचा पक्का होता.

त्यानंतर दोन महिने घरात चिडीचूप. रंजिताच्या अंगावरचे वळ निवळले, गालावर जरा मांस दिसायला लागलं. भामाबायनं देवीला नारळ फोडला. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण आईचं मन मोठं बनेल असतं, त्याला हवं तेच ते बघतं.

मितेशची जुनी बोलेरो होती. आठवडाभर तो तळोज्याच्या कंपन्यांत कामगार पोचवायचा. चैत्रातल्या एका रविवारी त्यानं मागच्या सीटा काढून अंगणात टाकल्या, सोमवारी कामगारांसाठी परत बसवायच्या. इंजिनाचा खडखडाट डोक्यात जातो म्हणाला, गाडी आतून बंद करायची, एसी गाड्यांत असते तशी शांत. दुकानात त्यासाठी मिळणाऱ्या शीटा महाग, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यानं स्वस्तातला मार्ग काढला. गच्ची गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी आणली. कळंबोलीच्या भंगारातून फ्रिजच्या खोक्यांतला फोम आणला, मांडववाल्याकडून फाटका गालिचा. पत्रा रॉकेलनं पुसायचा, पट्टी रंजिताच्या लग्नातल्या हेअर ड्रायरनं गरम करायची आणि भामाबायच्या लाटण्यानं दाबत जायची, आत हवेचा फुगा राहता कामा नये. घरात भाकरी हातावर थापायची, लाटणं फक्त होळीच्या पोळ्यांपुरतं, त्यामुळे ते गेल्याचं कुणाला दुःख नव्हतं. येणारेजाणारे म्हणत होते, पोरगा हुशार आहे. भामाबाय कोयत्यानं फोम कापून देत होती आणि मनातून फुलली होती.

पहिला थर बसला त्या रविवारी मितेशनं रंजिताला गाडीत मागे बसायला सांगितलं. तिच्याजवळ तो स्वतः बसला. आईला म्हणाला, बाहेर मागच्या दाराशी उभी राहा, आवाज आला तर हात वर कर. दार लावता लावता तो बायकोला जे बोलला ते भामाबायनं ऐकलं.

"जोरात वरड. त्या दिवशीसारकं."

काचेतून तिला दिसलं, त्यानं रंजिताची करंगळी धरली आणि मागे वाकवली. रंजिताचं तोंड उघडलं. विहिरीतून यावी तशी किंकाळी बाहेर आली, आणि भामाबायचा हात आपसूक वर गेला. मितेश उतरला. रागावला वगैरे नाही. कुठून आला आवाज, एवढंच विचारलं. तिनं दाराच्या खालच्या फटीकडे बोट दाखवलं, आणि शिंप्यानं माप ध्यानात ठेवावं तशी त्यानं मान हलवली.

तेव्हा भामाबायला सगळं कळलं. पोरगा सुधरला नव्हता. तो गावकीला दिलेला शब्द पाळत होता. घरातून आवाज यायला नको म्हणाले होते ना, मग घरात मारायचंच नाही. दाराची फट तिनंच दाखवली होती.

दुसऱ्या रविवारी दारांत फोम भरला होता. किंकाळी आली, पण मांजरीच्या पिल्लाएवढी. भामाबायनं हात वर केला. तिसऱ्या रविवारी छताला गालिचा होता, दारांना रबर होतं. मितेशनं रंजिताचा दंड पिरगळला. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळे पांढरे झाले, आणि बाहेर काही म्हणजे काही आलं नाही. अंगणात एक कावळा सीटचा फोम टोचत होता, त्याच्या चोचीचा आवाज ऐकू येत होता. भामाबायनं हात वर केला.

मितेशनं तीनदा विचारलं, खरंच? ती म्हणाली, खरंच, आई गं म्हणाली, स्पष्ट. तो डांबरानं काळे झालेले हात बघत राहिला, आणि पुढच्या आठवड्यासाठी आणखी पट्टी आणायला गेला.

त्या दिवशी रंजितानं चुलीपाशी हळू आवाजात विचारलं, आई, तुमाला खरंच आयकू आलं? भामाबायनं मानेनं नाही सांगितलं. सुनेच्या दंडावर बोटांचे निळे ठसे उठले होते. भामाबायला ते बघवेना. दर रविवारी तिचा हात वर गेला की पुढच्या रविवारी रंजिताचं आणखी काहीतरी पिरगळलं जाणार होतं, आणि हात खाली राहिला तर गाडी तयार होणार होती. माहेरी जा, असं तिनं सुचवलं. रंजितानं आठवण करून दिली, भाऊ दोनदा साडी नेसवून परत सोडून गेलाय. मग ती जे बोलली ते भामाबायच्या काळजात रुतून बसलं.

"आई, हात खाली घेऊ नका."

चौथ्या रविवारी भर दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. गंगाबाई पलीकडे तिच्या ओट्यावर तांदळाच्या फेण्या वाळत घालत होती. मितेश रंजिताला घेऊन आत बसला, दार लागलं. भामाबायनं काचेत बघायचंसुद्धा टाळलं. अंदाजानं थोडं थांबली आणि हात वर केला. "येतंय रे," असंही मोठ्यानं म्हणाली.

मितेश खाली उतरला. सरळ आपल्या घराच्या ओट्यापाशी गेला, तिथल्या गोणपाटाखालून आपला मोबाईल काढला आणि त्यातलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात कावळा होता, गंगाबाईचं खाकरणं होतं, भामाबायचं "येतंय रे" खणखणीत होतं. किंकाळी कुठंच नव्हती.

"म्हंजे गाडी कवाच झाली," तो म्हणाला.

आणि त्यानं आईच्या कानाखाली मारली. उघड्या पंजाची, पूर्ण जोर लावून. भामाबाय ओट्याच्या कडेवर आपटली, डाव्या कानात काहीतरी फुटलं आणि गरम धार मानेवर उतरली. जन्माला घातलेल्या पोरानं तिच्यावर हात टाकायची ही पहिली वेळ. ती उठेपर्यंत तो गाडीत शिरला होता. दार आतून बंद झालं, जाळीचे पडदे ओढले गेले. जाताना त्यानं अंगणातल्या खिळ्यावरचा फॅनबेल्ट नेला होता.

गाडी जागच्या जागी हलायला लागली. स्प्रिंगा दबत होत्या, उठत होत्या. एवढंच. गंगाबाई दहा हातांवर फेण्या उलटत होती आणि तिनं मान वर केली नाही. का करावी? रस्त्यावर आवाजच नव्हता. भामाबायनं दार ओढलं, दाराच्या पत्र्यावर मुठी मारल्या. जाड रबरी थरानं तिच्या मुठीही गिळल्या.

मग तिनं तोंड उघडलं.

नऊ वर्षं जे जे तिला ऐकू आलं नव्हतं ते सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं, रंजिताच्याच शब्दांत. "पोटात नको. पाया पडते, पोटात नको. केस सोडा. आई, दार उघडा. आई, मी मरते, दार उघडा." तिचा आवाज बाईमाणसाचा राहिला नव्हता. अंबाडा सुटला होता, मानेवरून रक्त वाहत होतं, डोळे फिरले होते. गंगाबाईच्या हातातलं ताट पडलं. घराघरांतून माणसं धावली. आणि जमलेल्या शंभर माणसांपैकी एकानंही गाडीकडे बघितलं नाही. सगळ्यांनी भामाबायकडे बघितलं आणि हात जोडले.

"वारं आलं," गंगाबाई म्हणाली. "गावदेवी आली हिच्या अंगात."

कुणी कापूर पेटवला, कुणी तिच्या कपाळावर मूठभर कुंकू थापलं. भामाबाय गाडीकडे बोट करून ओरडत होती, बायका तिचे पाय धुवत होत्या. गाडी हलत होती. काशीराम देवळातून अनवाणी पळत आला आणि तिच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"आय, तुजं काय चुकलं आमच्या हातनं? तुला काय पायजे? सांग, गाव करील."

भामाबाय थांबली. पासष्ट वर्षांत तिला काय पाहिजे असं कुणी विचारलं नव्हतं. गावकीनं नाही, नवऱ्यानं नाही. एका क्षणात तिला उमगलं की भामा बोलली तर ही माणसं तिला पाणी पाजून घरात झोपवतील, पण जी बाई आता त्यांना दिसतेय तिचा शब्द कोणी मोडणार नाही.

"गाडी फोडा," ती म्हणाली.

क्षणभरसुद्धा कोणी विचार केला नाही. पहार आली, वरवंटा आला, क्रिकेटच्या बॅटी आल्या. पहिला घाव काशीरामनंच घातला. काचा फुटल्या, पडदे फाटले, आणि महिनाभर कोंडलेला आवाज एकदम रस्त्यावर आला. तो ऐकून पुढचे लोक दोन पावलं मागे सरले. रंजिताचा एक डोळा बंद झाला होता, जबडा एका बाजूला उतरला होता, बेल्ट तिच्या गळ्याभोवती होता आणि बेल्टची दोन्ही टोकं मितेशच्या हातात होती.

त्यांनी त्याला फुटक्या काचेतूनच बाहेर ओढला. देवीचं काम होतं, त्यात हात आखडता कोण घेणार? ज्यांनी माघात खाली माना घालून निवाडा ऐकला होता तेच आता लाथा घालत होते. मितेशचा हात खांद्यातून निखळला, नाकाचा चेंदा झाला. आधी त्यानं शिव्या दिल्या, मग तो "आये, आये" करायला लागला. काशीराम घामाघूम होऊन भामाबायकडे वळला.

"आय, पुरं का अजून?"

सगळे थांबले. भामाबायनं रंजिताचं डोकं मांडीवर घेतलं होतं. धुळीत पडलेला तो तिच्याच पोटचा गोळा होता आणि त्याला बघून तिचं काळीज पिळवटत होतं, हे खोटं कशाला सांगावं? पण मांडीवरचं डोकं जड होतं, श्वास घरघरत होता. गप्प राहिली असती तर त्यांनी त्याला तिथंच संपवला असता. ती थोडा वेळ गप्प राहिलीसुद्धा.

"पुरं," मग ती म्हणाली. "हात बांदा त्याचं. पोलिसांना बोलवा. आणि मला रिक्षा पायजे, हिला सरकारी दवाखान्यात न्यायचीय."

देवी रिक्षा मागत नसते. काशीरामच्या कपाळाला आठी पडली. भामाबायनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

"मी भामाच हाय. देवी नाय आली. नऊ वरसं मला सगळं आयकू येत व्हतं. तुमाला पण येत व्हतं."

कोणी खाली बघितलं, कोणी हातातली बॅट पाठीमागे लपवली. गंगाबाई रडायला लागली. दोघीतिघी मात्र कुजबुजल्या की बाईनं देवीच्या नावानं गावाला फसवलं. काशीराम उभा राहिला. गुडघ्यांना लागलेली धूळ झटकताना त्याचा चेहरा लाल झाला होता.

"म्हंजे देवी आलीच नव्हती? मंग आमी गाडी फोडली ती कोनाच्या सांगन्यावरनं?"

"माज्या," भामाबाय म्हणाली.

गावकीच्या अध्यक्षानं खिशातून फोन काढला आणि पोलिसांना लावला. रिक्षा आली. भामाबायनं सुनेला काखेत हात घालून उचललं, गंगाबाईनं पाय धरले, आणि तिघी पनवेलच्या रस्त्याला लागल्या.