श्यामच्या चाकूची पट्टी

टक् असा आवाज आला की मी हातातलं पुस्तक उपडं ठेवून श्यामच्या खोलीत जात असे. एकदा टक् म्हणजे ये. लागोपाठ दोनदा म्हणजे नको. श्यामसुंदर माझा धाकटा भाऊ. अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हातात राहिला तो त्याचा जुना घडीचा चाकू.

वाशीच्या फळबाजारात त्याने कलिंगडाचा व्यापार केला. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा तर एक फळ उचलायचं, चाकूने त्याला त्रिकोणी खाच पाडायची आणि लाल फोड पात्यावरच पुढे धरायची. आजूबाजूचे व्यापारी घसा फोडून ओरडत. श्याम ओरडत नसे. तो अंगठ्याने पातं उघडायचा. टक्. "श्यामशेठनी चाकू काढला रे," असं म्हणत माणसं वळायची. त्या आवाजावर त्याने घर चालवलं, मुलीला इंजिनिअर केलं, आणि ग्रंथालयातल्या नोकरीखेरीज आयुष्यात काही न जमवलेल्या मला नेरूळच्या या फ्लॅटमध्ये खोली दिली.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्याच्या मुलीने, मनालीने, उशाशी बेल बसवली.

"पप्पा, नुसतं बटण दाबायचं. काका धावत येतील. धावत म्हणजे, त्यांच्या स्पीडने."

श्यामने ती बेल ढकलून खाली पाडली. हॉस्पिटलमध्ये तो एकदा अशीच बेल दाबत राहिला होता आणि कोणी यायच्या आत अंथरूण ओलं झालं होतं. ते त्याच्या मनात राहिलं असावं. त्याने डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. मनालीने चाकू काढला, त्याची धार घासून पार घालवून आणली आणि त्याच्या हातात दिला. "घ्या. आता याने केळंपण कापायचं नाही. वाजवा किती वाजवायचंय ते."

त्या चाकूबद्दल मी पुढे बरंच वाचलं. वाचण्यापलीकडे मला काही येत नाही. मुठीच्या आत पोलादाची एक पातळ पट्टी असते. पातं पुरतं उघडलं की ती बाजूने झेप घेऊन पात्याच्या बुडाशी अडते आणि पातं पक्कं बसतं. हेच त्याचं लॉक, आणि आवाजही तिचाच. दर वेळी पट्टीचं टोक आणि पात्याचं बूड एकमेकांना घासतं, किंचित झिजतं, आणि अडण्यासाठी पट्टीला आणखी जरा पुढे सरकावं लागतं. नव्या चाकूत ती बुडाच्या अलीकडच्या कडेशीच अडते. श्यामच्या चाकूत ती पार पलीकडे जाऊन टेकली होती. पुढे सरकायला जागा नव्हती, आणि तिच्यातला ताणही गेला होता.

आवाज बारीक होत गेला. आधी आम्ही टीव्ही बंद ठेवू लागलो. मग बाहेरच्या खोलीतला पंखा.

मनालीने तसाच नवा चाकू मागवला. "पप्पा, सेम टू सेम!" श्यामने अंगठा लावला. पातं हललं नाही. त्याने पुन्हा जोर केला, नख पांढरं पडलं, अंगठा सटकला. पातं मिटलेलं असतानाही ही पट्टी त्याला बाजूने दाबून धरते, आणि नव्या पट्टीचा दाब फार होता. जुना चाकू झिजला होता म्हणून त्याच्या अंगठ्याला उघडत होता, आणि झिजला होता म्हणूनच मुका होत होता. हे मी मनालीला समजावू लागलो. ती म्हणाली, "काका, प्लीज. आत्ता नको."

मी चाकू घेऊन महापेला गेलो. तिथे सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप चालवणारा प्रीतम सोसायटीतल्या एकाच्या ओळखीचा होता. त्याने चाकू उघडला, पातं हलवून पाहिलं आणि हसला.

"काका, कुनाचा मर्डर करायचाय? ह्यानी कलिंगड पन मरनार नाय."

"कलिंगडंच कापली त्याने. आता फक्त वाजायला हवाय."

मी अडखळत सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. "पट्टी वाकवून देतो जरा. जास्त वाकवली तर तुमच्या भावाला उघडनार नाय, कमी वाकवली तर वाजनार नाय. आनि जुनं पोलाद हाय. कवा तुटंल ते मी नाय सांगू शकत."

घरी आलो तेव्हा श्याम वाटच पाहत होता. त्याने पातं उघडलं. टक्. भिंतीपलीकडे जाईल असा आवाज. त्याचा अर्धा चेहरा हसला. मी बाहेर जाऊन विचारलं, "श्याम, चहा?" टक् टक्. "मग सरबत?" टक् टक्. "मग हवंय तरी काय तुला?" टक् टक्. तो माझी फिरकी घेत होता. झटका आल्यानंतर पहिल्यांदाच. आणि मला मात्र दर आवाजाबरोबर ती पट्टी दिसत होती. मी दारात जाऊन म्हणालो, "जपून वापर रे. तुटेल ती."

तो थांबला.

त्यानंतर चाकू क्वचित वाजू लागला. मला वाटलं, त्याला फारसं काही लागत नसेल. आत गेलो की ओठ कोरडे दिसायचे, पाण्याचा पेला तो एका दमात संपवायचा. तो वाचवत होता. मी सांगितलं होतं म्हणून तहान, लघवी, पाठीची कळ, सगळं दाबून ठेवत होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परवा दुपारी मी वाचत बसलो होतो. घर इतकं शांत होतं की मला बरं वाटत होतं. प्रकरण संपवूनच मी उठलो.

श्यामच्या हातात चाकू उघडा होता. मी पाहत असताना त्याने तो मांडीवर दाबून मिटला आणि अंगठ्याने पुन्हा उघडला. पातं सैल फिरलं, लोंबलं, परत मिटलं. काही वाजलं नाही. पट्टी मुळाशी तुटली होती. चादर ओली होती आणि कडेने गार पडली होती, म्हणजे तो बराच वेळ हे करत असणार.

मी त्याला पुसलं, कपडे बदलले. मला एकट्याला ते नीट जमत नाही. त्याचा हात बाहीत अडकला. "श्याम, मुठीने पलंगावर ठोकत जा. नाहीतर मी इथेच बसतो. वाचणारही नाही." असलं काहीबाही बोलत राहिलो.

त्याने चाकू मिटला. माझा हात ओढला, चाकू तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली. मग तोंड भिंतीकडे केलं.

मनाली म्हणाली, "काका, तुमची काय चूक? जुनाच होता तो." तिने बेल पुन्हा उशाशी लावली आहे. बेलचा छोटा दिवा लुकलुकत असतो.

मी खुर्ची त्याच्या खोलीत आणली आहे. मधून मधून विचारतो, "श्याम, पाणी हवं?" मान हलवायला त्याला काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो हलवत नाही.