न सरणारा पेळू

"जठे बायाले बोलू देतस नही, तठे पानी पेवाले बी जाऊ नको," सासूबाई निघताना म्हणाल्या होत्या. काजलने पिहूची तिसरी टोपी बॅगेत कोंबली आणि हसली. "अहो आई, ते मौन असतं. मनाला शांती मिळते."

"शांती मसनवटामा बी ऱ्हास," म्हणत धनुबाई गहू निवडायला बसल्या.

काजलने ते कानाआड केलं. बी.एस्सी. झालेली बाई सासूच्या बोलण्यावर शनिवार-रविवार ठरवते होय? शिवाय पिहू झाल्यापासून तिला झोप म्हणून नव्हती. पोर निजली की श्वास चालू आहे का बघायचा, उठली की तोंडात काय घातलं ते बघायचं. नवरा हेमराज कंटाळून म्हणाला होता, "सारखी काय टकमक पाहत असतेस? चल, दोन दिवस सूत कातायला जाऊ. डोकं शांत होईल तुझं."

खापर गावाच्या अलीकडे एका शेतात ही शांती मिळत होती. बाहेरून कुडाच्या भिंती, आत एसी. दारात पांढऱ्याशुभ्र खादीत हात जोडून हिलालगुरुजी उभे. काजलने गुरुजींना पाहताक्षणी ओळखलं. हाच हिलाल मागे पुरुषोत्तमनगरात दारोदार पाण्याचे फिल्टर विकत फिरायचा. तिच्याच ओट्यावर बसून, "ताई, हे पाणी नाही, विष आहे विष," असं घसा कोरडा पडेस्तोवर सांगून गेला होता. फिल्टर खपले नाहीत, शांती खपली. गुरुजींनी मात्र तिला ओळखलं नाही. गुरू झालेल्या माणसाला मागचं दिसत नसावं.

मोबाईल पेटीत गेले. सूत कातताना मौन, धागा तुटला तर नुसता हात वर करायचा. सुरतेच्या दोन बायका कपाळाला चंदन फासून आधीच डोळे मिटून बसल्या होत्या. चरखा अजून उघडलाही नव्हता, तरी त्यांना काहीतरी दिसू लागलं होतं. नाशिकचं एक जोडपं एकमेकांशी भांडून आलेलं. त्यांना मौन फुकटात पचलं.

उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी वळी, मागे मागे ओढायची, की चाती नावाच्या फिरत्या सळईच्या टोकावरून धागा निघतो. काजलचा धागा गांडुळासारखा निघे आणि तुटे. हेमराजचा निघतच नव्हता, पण चेहरा असा की जणू देशाला कपडा तोच पुरवतोय.

समोर उघड्या अंगणात, मार्चच्या उन्हात, एक म्हातारी चरखा फिरवत बसली होती. प्रकाश तिथे चांगला येतो म्हणून. "माझी आई, जसोदामाता," गुरुजींनी सकाळीच सांगितलं होतं. "साठ वर्षं कातते आहे. दिवसभर निर्जळ, अखंड मौन." सुरतेच्या बायकांनी तिच्या पाया पडून घेतलं. गुरुजींचा कॅमेरावाला तिच्याभोवती माशीसारखा घोंगावत होता.

सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काजल हाताकडे पाहत होती. पोरीच्या मुठीत काय आहे ते पाहायची तिची सवय. म्हातारीच्या डाव्या हातातला पेळू सकाळी जेवढा होता तेवढाच दुपारी होता. चातीवरचं सूत गिरणीचं, आधीच गुंडाळून ठेवलेलं. चाक नुसतं गरगरत होतं. पाय सुजलेले. ओठांवर पांढरे पापुद्रे.

पिहूला मौन कोण शिकवणार? ती डुलत डुलत अंगणात गेली आणि आपली बदकाच्या तोंडाची बाटली म्हातारीपुढे धरली. जसोदाबाईंनी आजूबाजूला पाहिलं, आणि ते बदक तोंडात धरून सगळं पाणी संपवलं. पिहू टाळ्या वाजवू लागली.

काजल उठून धावली. म्हातारी पुटपुटली, "माय, कोनले सांगू नको. पानी पिनू का मंग उठनं पडस. उठनू का फोटू बिघडतस. मन्ही आंडेर अक्कलकुवाले शे, पिठनी गिरनी शे तिनी. तिले सांग, लई जाय म्हनावं."

"गुरुजी!" काजलने हाक मारली, ती एवढी मोठ्याने की झाडावरचे पोपट उडाले. सुरतेच्या बायकांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटलेलेच होते, पण बोट बरोबर जागी गेलं. "यांना उन्हातून उठवा. लेकीकडे जायचंय त्यांना."

गुरुजी मंद हसले. "ताई, आई साधनेत आहे. तुमचं मन अशांत आहे म्हणून तुम्हाला तहान दिसते."

"आमच्या ओट्यावर बसून पाण्यावर तासभर बोलत होतात, हिलालभाऊ. आईला पेलाभर देववत नाही?"

हसू गेलं. हिलाल आईपाशी जाऊन उभा राहिला. "आई, तूच सांग यांना. तुला काही त्रास आहे का?"

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. मग पदर सावरला. "मी बरी शे. मन्हा पोऱ्या मन्ही भलती काळजी करस." आणि चाक फिरवू लागली.

"झालं समाधान?" हेमराजने काजलचा दंड धरला. "शोभा केलीस. इथेही तुझं तेच."

"तुझा धागा निघाला का रे?" काजल म्हणाली. "नाही ना? मग पेटीतून फोन काढ. निघायचंय."

अक्कलकुव्यात तिने गाडी थांबवायला लावलीच. गिरणी सापडली, कुलूप होतं. शेजारी शिलाई मशीनवर सलाउद्दीनचाचा. "गिरणीवाली? नवऱ्याचं ऑपरेशन शे, सुरतले गयी. कधी येई, मालूम नही." तिने आपला नंबर त्यांच्या भिंतीवर खडूने लिहिला. घरी आल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठीच्या मदतीच्या फोनवर सांगितलं. "पाहतो," म्हणाले. धनुबाईंनी सगळं ऐकलं, पण 'मी सांगितलं नव्हतं का' एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तिले पानी कोन दी ऱ्हायनं मंग?"

काजल दुसऱ्याच दिवशी परत निघणार होती. पण पिहूच्या अंगावर गोवर उठला, आणि आता तिला पोरीच्या उशापासून हलता येत नाही. हेमराजला पाठवण्यात अर्थ नाही. तो पाया पडून परत येईल.

म्हणून तिचं तुम्हालाच सांगणं आहे. खापरच्या बाजूला जाणार असाल, तर त्या फाटकावर मौनाची पाटी आहे, ती वाचू नका. सरळ आत जा आणि जसोदाबाईंना मोठ्याने हाक मारा. पाणी सोबत न्या, आणि नंतर त्यांना उठवून आडोशाला नेईल अशी एक बाईही. हातातला पेळू बघा. लेक समोर उभा असला आणि त्या "बरी शे" म्हणाल्या, तर त्याला लांब पाठवा आणि पुन्हा विचारा.