बिनकड्याची वसाहत

प्लेटांवर वाढलेल्या जंतूंच्या दोन हजार तीनशे वसाहती डोळ्यांखालून घातल्यावर सुनंदा बैसाणेला ती एक सापडली होती. संशोधनासाठी धुळ्याहून जळगावला येऊन तिला तेव्हा तीन वर्षं झाली होती. साल १९९४.

तिचे जंतू स्ट्रेप्टोकोकस. धुळ्यातल्या एका शाळकरी मुलीच्या घशातून घेतलेले. पोरीचा घसा बरा झाला, पण मागाहून सांधे सुजले आणि आजार हृदयावर गेला. रक्त घातलेल्या प्लेटवर हे जंतू वाढले, की भोवतालच्या रक्तपेशी फोडून स्वच्छ कडं पाडतात. पेशी फोडणारं ते विष कोणत्या जीनमुळे तयार होतं, हे सुनंदाला शोधायचं होतं. त्यासाठी ती दुसऱ्या एका जंतूतला उड्या मारणारा जीन यांच्यात सोडायची. तो जिथे घुसेल तिथला जीन बंद पडतो. पण कुठे घुसावं ही त्याची मर्जी, म्हणून हजारो वसाहती तपासायच्या. त्यांतल्या या एकीभोवती कडं नव्हतं.

जंतू गोठवून ठेवायला जळगावच्या प्रयोगशाळेत डीप फ्रीझर नव्हता. दर आठवड्याला नव्या प्लेटवर घेऊनच ते जगवायचे. त्यात या खेपेला रक्त वेळेवर मिळालं नाही, आणि बारा दिवस निघून गेले. शेवटी रक्त आलं, तिने प्लेटा ओतल्या, जंतू लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर सगळ्या प्लेटा कोऱ्या.

ती तशीच तिचे मार्गदर्शक पितांबर चौधरी सरांकडे गेली.

"सर, मेला तो. तीन वर्षं गेली माझी."

"थांब. मूळचे जंतू शेजारी लावले होतेस ना? त्यांचं काय?"

"तेही उगवले नाहीत."

"ते तर दर वेळी उगवतात. मग जंतूंचं सोड, रक्ताचं बघ. कोणाच्या मेंढीचं होतं?"

रक्त नेहमीप्रमाणे धरणगावजवळच्या भटू ठेलाऱ्याच्या कळपातलं होतं. सुनंदाने पुढची एसटी पकडली. भटू चारायला गेलेला. त्याची बायको झुंबरबाई मेंढ्यांच्या वाड्यापाशी होती.

"अक्का, परोनदिन मी जिनं रगत लिधं, त्या मेंढीले काही औसद दिधं व्हतं का?"

"हां ना! पाय सुजेल व्हता तिना. तू येवाना आदलेदिन डाक्टर पेनिसिलिननी सुई दी ग्या. का वं, काय व्हयनं?"

सुनंदा मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. पेनिसिलिन! त्याचा थेंबभर अंशही या जंतूंना मारायला पुरतो. झुंबरबाई घाबरून पाणी घेऊन आली.

सुई न टोचलेली मेंढी झुंबरबाईने स्वतः धरली. सुनंदाने मानेच्या शिरेतून रक्त काढलं, ते गोठू नये म्हणून काचेच्या मण्यांच्या बाटलीत हलवत राहिली, आणि बाटली बर्फाच्या थर्मासात घालून दुपारी जळगावला परतली. पण धास्ती सरली नव्हती. ती वसाहत जपलेली फ्रिजमधली जुनी प्लेट सुकून कडा सोडत होती. त्यावर जिवंत काही उरलं असेल का? तिने वसाहतीवरून तार फिरवली आणि नव्या प्लेटवर ओढली.

सकाळी मूळच्या जंतूंभोवती लख्ख कडी होती. शेजारच्या प्लेटवर फक्त चार ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. एकाभोवतीही कडं नाही. तिने प्लेट उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. सरांनीही पाहिली, चष्मा काढून पुसला, परत पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "बैसाणे, आता हा एकाच ठिकाणी ठेवायचा नाही."

त्याच आठवड्यात तिने आठ नळ्या भरल्या. चार बर्फात घालून धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे निघाली. त्यांच्याकडे डीप फ्रीझर होता. एरंडोल गेलं तेवढं तिला आठवतं. पुढे मांडीवरच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून ती अशी गाढ झोपली, की धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरलाच तिला उठवावं लागलं.