पाचवी पाचर

चार वाजता नव्या चिन्हांची यादी जाणार होती आणि तिच्यात एक चिन्ह माझं होतं. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने पाचरीसारख्या खुणा दाबून लिहायची ती प्राचीन लिपी. तिचं प्रत्येक चिन्ह संगणकावर टाइप करता यावं म्हणून त्याला क्रमांक मिळवून द्यायचा, हे आमच्या खोलीतल्या चौघांचं काम. क्रमांक एकदा मिळाला की कायमचा. पुढे चूक कळली तरी काढता येत नाही. मला सापडलेलं पाच पाचरींचं चिन्ह कुठल्याच कोशात नव्हतं. पाच महिने त्यासाठी डोळे फोडले होते आणि घरच्यांना सांगून सांगून भंडावून सोडलं होतं.

दुपारी आत्या माझी विसरलेली किल्ली द्यायला आली. तिने तीस वर्षं कौलांची भट्टी चालवलेली. मी ऐटीत तिला पडद्यावरचा त्या पाटीचा फोटो दाखवला.

"चार ठीक आहेत," ती म्हणाली. "पाचवं म्हणजे मातीत मिसळलेला कोंडा भाजताना जळून पडलेलं भोक. आमच्या कौलांवर ढिगाने असायची."

"आत्या, हे कौल नाहीये!" मी फाडकन बोलले. ती किल्ली टेबलावर ठेवून निघून गेली.

राग आला होता, पण मनात शंकाही शिरली होती. संग्रहालयाच्या तळघरात जाऊन मी मूळ पाटी काढली. फोटोत उजेड डावीकडून होता; मी दिवा उजवीकडे धरला. चार पाचरींच्या कडा तशाच धारदार दिसल्या. पाचवीला कडाच नव्हती, नुसता गोल खळगा. मला चक्क रडू आलं.

पावणेचारला वर येऊन मी स्वतःच यादीतून माझं चिन्ह खोडलं. उरलेलं चार पाचरींचं चिन्ह अगदी रोजचं, पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते. सवयीने मी ते पाटीवरच्या त्या ओळीत बसवलं आणि आजवर कुणालाच न लागलेली ओळ घडाघडा वाचता आली. कुणीतरी घरी पत्र लिहिलं होतं.

मी लगेच आत्याला फोन लावला. "आत्या, माझं चुकलं. कोंडाच होता. आणि ऐक, त्यात लिहिलंय, आम्ही सगळे सुखरूप पोचलो, काळजी करू नका."

पलीकडून आत्याने सुस्कारा सोडला.

"पोचले ना? बरं झालं बाई."