बांध न घातलेलं बेट

मी बोलतोय, दुबईसमोरच्या समुद्रातलं एक बेट. नकाशात शोधू नका. माझं बारसंच झालं नाही.

२००७ साली तळाची वाळू उपसून माणसांनी मला वर आणलं. पुण्याचे विजयकुमार माझे इंजिनिअर. माझ्यावर उभं राहून ते म्हणाले होते, "पुढच्या वर्षी चहूबाजूंनी दगडांचा बांध. मग समुद्राची काय बिशाद!" मी तो शब्द धरून बसलो.

मग मंदी आली. एका सकाळी बोटी आल्याच नाहीत. माझं पाणी, डिझेल, माणसं सगळं बाहेरूनच यायचं. ते थांबलं आणि समुद्र मला खाऊ लागला.

२००९च्या हरतालिकेला विजयकुमार आले, पण नोकरी गमावून. दुबई सोडण्याआधी त्यांच्या पत्नीला, शोभनाताईंना, न तुडवलेल्या वाळूची पिंड करायची होती. बोट रत्नागिरीच्या नूरुद्दीनभाईंची.

"भाभी, आज माझाही उपास, रमजानचा पहिला रोजा," ते म्हणाले.

"मग तिघं निर्जळी," विजयकुमार हसले. "बेटावरही गोड पाणी नाही."

शोभनाताईंनी पिंड केली, बेल वाहिला. आरती संपायच्या आत भरती आली आणि पिंड घेऊन गेली.

"तुम्ही याला बांध घालणार होता ना?" शोभनाताईंनी नवऱ्याला विचारलं.

"कंपनीनं खलास म्हटलं. मी काय करू?"

"कंपनीनं म्हटलं असेल. शब्द तुम्ही दिला होतात. अहो, साधं व्रत धरलं तरी उद्यापन केल्याशिवाय सोडत नाही आपण."



नूरुद्दीनभाई हळूच म्हणाले, "मी मालदीवच्या जहाजावर होतो, भाभी. तिथल्या बेटांवरही तांदूळ जहाजानं, डिझेल जहाजानं. फिरायला येणारे पाहुणे आले नाहीत की चूल थंड. समुद्र मात्र न चुकता येतो. तिथल्या माणसांनाही मोठमोठे लोक बांधाचा शब्द देऊन जातात."

शोभनाताईंनी हात जोडले. माझ्यासाठी की त्या बेटांसाठी, कोण जाणे.

आज ओहोटीलाच थोडा दिसतो मी. राग होता, तो वाळूबरोबर ओसरला. माझ्यावर कुणी राहत नाही. मी गेलो तर एक पक्षी दुसरीकडे बसेल. पण त्या बेटांवर लेकरं शाळेत जातात, बाया अल्लाकडे काहीतरी मागत असतात. त्यांना तुम्ही बांधाचा शब्द दिला असेल, तर बायांनो, बाबांनो, दगड वेळेवर पोचवा.